काळा किती काळा

तीस हजार. वर एक रुपया नाही.
जुन्या डब्याचे भंगारवाला तीनशे देतो म्हणाला,
ते खिळ्यांना, वायरला,
आणि नवा वर चढवणाऱ्या पोराच्या चहाला.

कर्वे रोडवरच्या दुकानात, दुसऱ्या मजल्यावर,
एकाच वेळी चाळीस पोपट पंख उघडतात.
चाळीस वेळा मध ओघळतो,
चाळीस डाळिंबं फुटतात एका सुरीने.
इतकं लाल डाळिंब मार्केट यार्डात
मी तरी पाहिलेलं नाही.

निहाल नावाचा पोरगा म्हणतो, काका, कलर बघा कलर.
मी म्हणतो, बाळा, काळा दाखव.

एकतीस वर्षं ऑफसेटवर काढली मी
अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात.
भिंगाखाली ठिपके पाहिले, निळे, किरमिजी, पिवळे.
पत्रिकेवरच्या गणपतीची सोंड
केसभर सरकली तर अख्खी थप्पी रद्दीत.
रंग काय, कुणीही चढवतो.
छपाईची लायकी काळ्यात कळते.

खिशातून पेनड्राइव्ह काढला.
भाचीच्या लग्नाची रात्र, सासवड, लाइट गेलेली,
मांडवात एकच बत्ती
आणि काळ्या कोटातले व्याही अंधाराला टेकून उभे.
निहालने पोपट बंद केले,
भडक मोड काढून साधा लावला.
मी चष्मा पुसून एकेका पडद्यापुढे,
अंधार कुठे संपतो, कोट कुठे सुरू होतो.

पहिल्यात व्याह्यांचं नुसतं मुंडकं तरंगत होतं.
दुसऱ्यात कोट राखाडी,
ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखा.
तिसरा त्याहून बरा, पण अठ्ठेचाळीस हजार,
तो मी बघितलाच नाही असं ठरवलं.
चौथ्यात बटणं मोजता आली.
तीन. चौथ्याच्या जागी लोंबता दोरा.
एकोणतीस हजार नऊशे नव्वद.
हाच, मी म्हणालो.

वळलो तर शेजारी कुमुदिनी नाही.
ती पार कडेला, वॉशिंग मशिनच्या रांगेपाशी,
पिशवी दोन्ही हातांत धरून.
अगं, समोर ये.
दिसतंय की इथून.
काय दिसतंय?
धुकं.

गेलो तिच्याजवळ, तिच्या जागेवरून पाहिलं.
बटणं गेली, दोरा गेला,
भाची चुन्यात बुडवून काढल्यासारखी.

निहाल म्हणाला, काका, या पॅनलचं असंच असतं,
समोरून एक नंबर, बाजूने फिकं.
बाजूने बघणार असाल तर तो दुसरा घ्या, दोन हजारांनी स्वस्त.
पण त्याचा काळा...
त्याचा काळा मी पाहिला होता.

धनकवडीच्या आमच्या खोलीत
टीव्हीसमोर एकच खुर्ची मावते. ती माझी.
ती स्वयंपाकघराच्या दारात, स्टुलावर,
एक कान कुकरकडे.
जुना डबा कुठूनही सारखाच दिसायचा,
म्हणून सव्वीस वर्षांत मला कळलंच नाही
की ती तिरकी बसते.

स्टूल समोर घेऊ, मी म्हणालो.
आणि दूध कोण बघणार?

राखाडी घेतला.
रात्री दिवा घालवला की त्याचे कोपरे
पाणी जास्त झालेल्या शाईसारखे दिसतात.
छापखान्यात असतो तर मशीन थांबवलं असतं.
तरी ती लग्नाची रात्र पुन्हा लावली,
नव्या पडद्याला सवय व्हावी म्हणून.

दारातून ती म्हणाली, व्याह्यांचं एक बटण तुटलंय.
मी खुर्चीतून पुढे वाकलो, डोळे बारीक केले.
तुला एवढ्या लांबून दिसलं?

दिसायला कशाला हवं, ती म्हणाली,
त्या रात्री सेफ्टी पिन मीच दिली होती त्यांना,
बत्तीच्या मागे उभं राहून लावली.
तुम्ही शूटिंग करत होतात.

आणि दूध उतू जायच्या आत उठली.